अधिराजाच्या मरणाला दोघांची सही

या वर्षी मास्तरांनी माझं माप घेतलं नाही. सत्तावीस वर्षं घेत आले. नवं पर्व सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी स्टुडिओच्या मागच्या जिन्याने कपडेपटात चढायचं, शर्ट काढून गंजीवर उभं राहायचं, हात पसरायचे, मग मास्तरांनी गळ्यातली टेप माझ्या पोटाभोवती फिरवायची, आकडा बघायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "साम्राज्य वाढलंय." दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी मी हसायचो, कारण टेप त्यांच्या हातात असायची. या वर्षी मी बटणं काढायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या." "का हो?" "माप नको म्हणालेत." "कोण म्हणालं?" मास्तर सुईत दोरा ओवत होते. ओवलेला दोरा त्यांनी बाहेर काढला आणि पुन्हा ओवला. "वरून आलंय," म्हणाले. "तुमचं माप आहे म्हणे त्यांच्याकडे." मी बटणं लावली. एक बटण खालच्या काजात गेलं असावं, कारण जिना उतरताना शर्ट एका बाजूला ओढत होता, आणि तो तसाच ओढत राहावा असं मला वाटत होतं. कुणीतरी विचारेल, आज असे का दिसताय? कुणी विचारलं नाही. मला चेहऱ्याने ओळखणारी माणसं त्या इमारतीत सहा-सात असतील.

माप कुणाकडे आहे हे मला खालच्या पायरीवर आठवलं. चार महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर संगणकवाल्या बाईंनी मला बोलावलं होतं. चांगल्या होत्या बोलायला. अंगभर पांढरे ठिपके चिकटवले आणि म्हणाल्या, "काका, जरा चाला. आता वळा. आता हात वर करून कुणाचा तरी ग्रह नष्ट करा." मी केला. अकरा पावलं चाललो, उजवा खांदा किंचित मागे ठेवून, टाच आधी न टेकवता. ही चाल मला एका दिवसात सापडलेली नाही. पहिल्या वर्षी मी चालायचो तो बस चुकलेल्या कारकुनासारखा. पुढे गुडघा दुखायला लागला आणि डावा पाय जपून टाकू लागलो, तेव्हा लोक म्हणाले, आता खरी भीती वाटते. म्हणजे अधिराजाच्या दहशतीत अर्धा वाटा माझ्या संधिवाताचा आहे. तो बाईंनी दुपारच्या जेवणाआधी टिपून घेतला आणि म्हणाल्या, "झालं काका, तुम्ही आता आमच्याकडे आलात." मला ते आमंत्रण वाटलं होतं. मी थँक्यू म्हणालो होतो.

अधिराज म्हणजे नवव्या आकाशगंगेचा सम्राट. वजन तेरा किलो, त्यातलं चार किलो नुसतं शिरस्त्राण. डोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे आहेत, त्यातून काही दिसत नाही. दिसतं ते हनुवटीच्या जाळीतून, म्हणजे विश्वाकडे तुच्छतेने पाहायला मान वर केली की मला फक्त छताचे पत्रे दिसतात. आत रबराचा, पावडरीचा आणि कालच्या माझा वास असतो. यानाचा कप्तान, म्हणजे मालिकेचा नायक, आतापर्यंत सहा वेळा बदलला. अधिराज एकशे बारा वेळा मेला आणि मी प्रत्येक वेळी आत होतो: गोठलो, वितळलो, कृष्णविवरात गेलो, एकदा लेखकांचा संप होता म्हणून नुसताच दाराआड गेलो. पण बोललो कधीच नाही. म्हणजे बोलतो. सेटवर सगळी वाक्यं मी माझ्याच आवाजात म्हणतो, हातवारे नीट पडावेत म्हणून. नंतर ती पुसतात आणि त्या जागी बुवाचा आवाज भरतात. आमच्याकडे चित्रीकरणाच्या वेळी कुणी शिंकलं तरी चालतं, सगळं नंतर भरायचं असतं. कामाच्या तक्त्यावर आम्हा दोघांना नावं नाहीत, पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे 'आवाज' आणि माझ्यापुढे 'बॉडी' असंच येतं. त्यामुळे माझ्या आयुष्यात रोज सकाळी कुणीतरी दरवाजावरून ओरडतं, "बॉडी आली का?" आणि आतून उत्तर येतं, "आली, चहा घेतेय."

बुवाबद्दल मला काही म्हणायचं नाही, हे मी सत्तावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. सज्जन माणूस. बारा महिने गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास, आणि दिसायला पोस्टातल्या खिडकीमागचा. त्याला बुवा हे नाव मीच दिलं; थोडं खाली ओढावं म्हणून दिलं होतं, तर ते त्याला शोभून दिसलं. तो दुकानात गेला आणि अर्धा किलो साखर मागितली की आजूबाजूचे वळून बघतात. बँकेतली बाई त्याला म्हणते, एकदा 'शरण या' म्हणा ना, मग सही करते. शाळा बोलावतात, रेडिओ बोलावतो. मी एकदा एका शाळेत गेलो होतो, तेरा किलो अंगावर घालून, आणि पहिल्या रांगेतली चिमुरडी म्हणाली, हा खोटा आहे, हा बोलत नाही. मी मान वर करून तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं. छत दिसलं. बुवाला या गोष्टी सांगाव्यात तर तो हसून म्हणतो, "राजे, तुमच्याशिवाय मी म्हणजे नुसता घसा." हे तो मनापासून म्हणतो, आणि तेच मला सहन होत नाही. वाईट बोलला असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

आणि ही. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणजे मालिकेपेक्षा आम्ही जुने. ही प्रत्येक भाग बघते, पाय मोडून खुर्चीत बसून, निवडायची भाजी मांडीवर घेऊन. नवव्या की दहाव्या वर्षाची गोष्ट. मी पंख्याखाली पाठीला मलम चोळत बसलो होतो, पडद्यावर अधिराज कप्तानाला आपल्या एकटेपणाबद्दल सांगत होता (लेखकांना मधूनमधून असे झटके येतात), आणि मी सहज हिच्याकडे पाहिलं तर हिचे डोळे मिटलेले. झोपली म्हणावं तर बोटं शेंगा सोलत होती. पडद्यावर मी होतो. माझी पाठ, माझा खांदा, त्या दिवशी एकशे चार तापात वर उचललेली ती मान. आणि ही डोळे मिटून बघत होती. मी मलम चोळत राहिलो. पाठ संपून पुढे खुर्चीच्या दांडीलाही चोळलं असावं. नंतर विचारलं, कसा झाला भाग? म्हणाली, "छान. अहो, ते बुवा किती आतून बोलतात, नाही?" आतून! आत मी होतो. तिला एवढंच म्हणायचं होतं मला, पण म्हणालो, "हो, गरम पाणी पितात." कधी त्याचा फोन आला की ही पदराला हात पुसून रिसीव्हर घ्यायची, आणि एकदा आत येऊन मला म्हणाली, "अगदी अधिराजासारखा आवाज आहे हो त्यांचा." मला म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात तिसरं माणूस राहतं आणि ते मीच आहे.

मापाचं कळल्यावर मी मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे आमच्या निर्मात्या. मालिका त्यांच्या वडिलांनी सुरू केली, आणि पहिल्या वर्षी मी त्या खोलीत शिरलो की या फ्रॉकमध्ये टेबलाखाली लपायच्या. आता त्याच टेबलामागे बसतात. "बरं झालं आलात, काका," म्हणाल्या, "मी बोलावणारच होते." मग त्यांनी सांगितलं ते असं. प्रेक्षकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, अधिराजाला आता सन्मानाने निवृत्त करा, तोच तो किती वर्षं हरणार. दुसरा म्हणतो, तो गेला तर मालिकेत उरलं काय. पत्रांचे दोन ढीग टेबलावर होते आणि दुसरा उंच होता. "म्हणून आम्ही मधला रस्ता काढलाय. अधिराज राहील, पण संगणकावर. तुम्ही साठीला आलात, गुडघा असा, तेरा किलो उचलायचे म्हणजे... तुमची चाल आमच्याकडे आहेच."

"आणि बुवा?"

"त्यांचं काय? ते राहतील की. आवाजाला कुठे वय असतं, काका?"

हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की मी मान डोलावली. खोलीत एअरकंडिशनर चालू होता आणि माझ्या वरच्या ओठावर घाम आला होता, मुखवट्यात येतो तसा, जो पुसता येत नाही. मला दिसत होतं सगळं. माझा खांदा, माझा संधिवात, मी नसताना चालतोय. त्यात तो बोलतोय. ही खुर्चीत बसलीय, डोळे मिटून, आणि आता तर डोळे उघडले तरी हरकत नाही, कारण उघडूनही मी दिसणार नाही. आणि त्याच क्षणी मला थोरल्या साहेबांचा कागद आठवला. मॅडमच्या वडिलांनी पहिल्या करारात आम्हा दोघा नवख्यांना एक कलम घालून दिलं होतं: अधिराजाला कायमचा मारायचा असेल तर मागणी दोघांपैकी कुणीही करू शकतो, आणि बॉडी व आवाज या दोघांची सही झाली की निर्मात्याने तो मारलाच पाहिजे. तेव्हा आम्ही हसलो होतो. संगणकावर तेव्हा फक्त पत्रं टाइप व्हायची, त्यामुळे कलमात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे संगणकावरच्या अधिराजालाही ते लागू होतं. मी खाकरलो आणि म्हणालो, "मॅडम, कलेच्या दृष्टीने विचार केला तर अधिराजाने आता थांबावं असं मला वाटतं."

कलेच्या दृष्टीने हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरले. पण एकदा सुरू केल्यावर थांबेना. म्हणालो, भीती ही जपून वापरायची वस्तू आहे. म्हणालो, ज्याचा टूथब्रश बाजारात मिळतो, ज्याला तोंडात घालून मुलं दात घासतात, तो विश्वाला काय धमकावणार? एकशे बारा वेळा हरलेल्याला खलनायक नाही, उमेदवार म्हणतात. त्याला जाऊ दिलं तरच तो लोकांच्या मनात मोठा राहील. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही एवढा विचार करता हे बाबांना कळायला हवं होतं," म्हणाल्या. मला जरा लाज वाटली, पण गंमत अशी की त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अधिराजाने थांबायला हवं हे मला खरंच पटत होतं. फक्त पटण्याचं कारण एका मफलरमध्ये गुंडाळलेलं होतं.

बुवाला गाठायचं होतं, मॅडमनी गाठायच्या आत. संगणकाचं त्याला ठाऊक नसणार याची मला खात्री होती. बुवाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेलो. काचेपलीकडे तो उभा होता, कानांवर हेडफोनचे डबे, हातात कागद, आणि समोरच्या पडद्यावर मी, गेल्या महिन्यातला, मूठ आवळत होतो. माझी मूठ पूर्ण आवळली की तो बोलायचा, किंचितही आधी नाही. मी हे इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे टाळलं होतं. बाहेर आला, थर्मासचं झाकण उघडलं, अर्धा पेला मला दिला. "राजे इकडे कुठे? राजधानी सोडून?"

मी सगळं पुन्हा म्हटलं. भीती, टूथब्रश, उमेदवार. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं. उमेदवारापाशी मी योग्य जागी थांबलो. संगणकाचं बोललो नाही. आपण दोघांनी एकदम थांबायचं, मानाने, एवढंच म्हणालो. तो पाणी फुंकून पीत होता.

"घरी काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"तिला अजून सांगितलं नाही."

"वहिनींना वाईट वाटेल."

"कशाबद्दल?" मी जरा जोरात विचारलं असावं, कारण त्याने पेला खाली ठेवला.

"अरे, कशाबद्दल काय? तुझं काम बंद होणार याबद्दल. एवढं काय तोडायला उठतोस?" मग मफलरचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "तुला एक सांगू? हसशील. सुरुवातीला मला तो आवाज सापडेना. थोरले साहेब म्हणायचे, हा तर लग्नात नाराज झालेला मामा वाटतो. मग एकदा मी सेटवर आलो होतो, कुणाला न सांगता. तू पाठमोरा उभा होतास. नुसता उभा, चहाची वाट बघत असशील. मी दारातूनच मागे सरलो बघ. त्या पाठीला काय बोलणं शोभेल ते मी बोलायला लागलो. अजून तेच करतो. तू म्हणतोस थांबायचं, तर थांबू. आत तू राहिलायस, तुला जास्त कळणार."

मी गरम पाणी प्यायलो. त्याला चव नसते हे मला त्या दिवशी नीट कळलं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि वर एक अशी गोष्ट मिळाली होती जी मी सत्तावीस वर्षं कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत होतो. पण ती त्याच्या तोंडून आली, त्याच्या त्या आवाजात, आणि इतकी सुरेख म्हटली गेली की तीही त्याचीच झाली. मी म्हणालो, "बरं." माझा आवाज बारीक आहे, थोडा नाकातून येतो. त्या खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला आहे, तिथे तो आणखीच बारीक वाटतो.

सह्या पुढच्या आठवड्यात झाल्या. आधी त्याची, वळणदार. मग माझी, जी बँकेला कधी जुळत नाही. बुवाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तो गेला. मॅडम कागद फाइलला लावत होत्या. "तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं निदान बुवा तरी राहतील."

"म्हणजे?"

"त्यांना मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं ना सगळं. संगणकाचं, तुमचं. पाच वर्षांचा करार तयार होता. म्हणाले, राजेंशी तुम्ही आधी बोला, ते म्हणतील तसं."

महिन्यापूर्वी. म्हणजे मी त्या स्पंजाच्या खोलीत भीती, टूथब्रश आणि उमेदवार करत होतो तेव्हा त्याला ठाऊक होतं. मी योग्य जागी थांबलो तेव्हाही. घरी काय म्हणतात असं त्याने विचारलं तेव्हा तो मला वाट काढून देत होता, की बाबा, आता तरी खरं बोल, आणि मी ओरडलो, कशाबद्दल! बाहेर आलो. रस्त्यावर पाइपलाइनचं काम चालू होतं, यंत्राने फरशी फोडत होते, आणि प्रत्येक दणक्याला मला बरं वाटत होतं. त्याला बुडवायला मी साम्राज्य बुडवलं, आणि तो हातात पेला घेऊन, आपणहून, पायऱ्या उतरून पाण्यात आला. त्यागसुद्धा त्याने घेतला. माझ्यासाठी काय ठेवलं? घरी हिला सांगितलं, अधिराज मरणार. हिने शेंगा बाजूला ठेवल्या. "आणि बुवा?" म्हणाली. मॅडमच्या खोलीत मीही अगदी हेच दोन शब्द म्हणालो होतो, पण त्याने काही फरक पडला नाही. मग म्हणाली, "आता तुमची पाठ तरी बरी होईल." माझ्या पाठीचा विचार तिने केला होता, हे खरं आहे. मी ते कपाटात ठेवल्यासारखं ठेवून दिलं, पुढे कधी काढून बघू म्हणून.

शेवटचं चित्रीकरण. दिग्दर्शकाने ठरवलं की या वेळी उलटं करायचं: बुवाने सेटवरच माइकपाशी उभं राहून बोलायचं आणि मी ते ऐकत मरायचं. "एकदा तरी दोघं एका वेळी," असं तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी शिरस्त्राण चढवलं, मागचे चार खटके लावले, आणि पोटावर हलकेच थापटलं. जाळीतून मला बुवाचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, आणि थर्मास. पत्रकार होते, मॅडम होत्या, पहिल्या रांगेत ही होती. हिचे डोळे उघडे की मिटलेले ते जाळीतून दिसत नव्हतं.

अधिराज सिंहासनापाशी कोसळतो आणि अकरा वाक्यं बोलतो. बुवा बोलायला लागला. मी तो आवाज इतक्या जवळून, आत असताना, कधीच ऐकला नव्हता. तो शिरस्त्राणाच्या रबरात घुमायचा आणि माझ्या दातांत उतरायचा. चौथ्या वाक्याला हात उचलला गेला तो मी उचलला की त्याने, सांगता येणार नाही. सातव्याला माझे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता आणि तरीही निघत होता. क्षणभर मला काहीच नको होतं. मग समोरून कुणीतरी हुंदका दिला, बाईचा होता, आणि मला पुन्हा सगळं हवं झालं. अकरावं वाक्य एका शब्दाचं आहे. "पुरे," बुवा म्हणाला, आणि त्याचं काम संपलं. तिथे मी मान टाकायची होती.

मी टाकली नाही. त्याचा आवाज मेला होता आणि मी अजून जिवंत होतो. सत्तावीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. मी उजवा हातमोजा डोळ्यांसमोर धरला, सावकाश, आणि त्याच्याकडे पाहिलं. बोटं एकेक करून मिटली. गुडघा आपणहून दुमडला, माझा स्वतःचा गुडघा, दुखून. सिंहासनाच्या पायरीला पाठ टेकली आणि घसरत खाली आलो. कुणी कट म्हणेना. आता उरला होता श्वास. आणि श्वास तर बुवा भरतो. छाती हलली की त्याला जागा मिळते. हललेल्या छातीवर तो नंतर असा एक उसासा बसवतो की लोक पत्रं लिहितात. म्हणून मी श्वास धरला. छाती, पोट, झगा, काही हलू दिलं नाही. कानांत ठोके पडायला लागले. घामाचा एक थेंब नाकाच्या कडेने उतरला आणि ओठापाशी येऊन थांबला, भयंकर खाज सुटली. जाळीतून छत दिसत होतं, पत्रे, एक मोडलेला दिवा. सगळं शांत. इतकं शांत माझ्यामुळे कधी झालं नव्हतं.

मग कर्ण्यातून दिग्दर्शकाचा आवाज आला, घोगरा. "बुवा, इथे शेवटचा एक श्वास भरून टाका ना."

बूट वाजत जरा पुढे आले.

"कुठे भरू?" बुवा म्हणाला. "हलतोय कुठे तो?"

मी आणखी थोडा वेळ हललो नाही.